मस्टरवर नाव कुणाचं?

(कामगार वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलताना जिथे मागेपुढे झालं तिथे थोडं सरळ केलंय, बाकी तसंच ठेवलंय.)



फळ्यावर विषय लिहिलाय, 'कामगार कायद्यातील सुधारणा आणि सामुदायिक सौद्याचा हक्क'. हा फळा ज्याने रंगवला त्या पोराने काल रात्री टपरीवर मला विचारलं, 'दादा, सामुदायिक सौदा म्हणजे काय? आपल्याकडे सौदा म्हटला की बकराच आठवतो.' सगळे हसले, मीही हसलो. पण पोरगा चुकीचं बोलला नव्हता. सौदा बकऱ्याचा होतो, पण सौद्यात बकऱ्याला कुणी विचारत नाही. दोन माणसं रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतात आणि बकरा बाजूला पाला खात उभा असतो. आपली गत तीच आहे.

दुसरा एक जण होता, बी.ए. झालेला. तो म्हणाला, 'युनियन हा आपला विषयच नाही. युनियनवाल्यांनी आपल्याला काय दिलं? आपला प्रश्न जातीचा. अॅट्रॉसिटीवर बोला, शिष्यवृत्तीवर बोला.' आज मी या दोघांनाच उत्तर देणार आहे. बाकीच्यांनी ऐकावं, पटलं नाही तर मधेच तोंड उघडावं. इथे अध्यक्षांची परवानगी लागत नाही.

या वस्तीत पहाटे पाचला कोण उठतं? कचऱ्याच्या गाडीवर जाणारे, मॉलमध्ये फरशी पुसणाऱ्या आपल्या आया, हॉस्पिटलातले वॉर्डबॉय, सिक्युरिटीचा ड्रेस घालून बारा बारा तास उभे राहणारे, पाठीवर चौकोनी पेटी बांधून मोटरसायकल पळवणारे. ज्याच्या दारात तुम्ही राबता त्याचं नाव तुमच्यापैकी किती जणांच्या पगाराच्या पावतीवर आहे? हात वर करा. एक... दोन. बस? पावतीच मिळत नाही म्हणता? तेही खरंच.

नाव ठेकेदाराचं. ठेकेदाराच्या वर आणखी एक ठेकेदार. त्याच्या वर महापालिका, नाहीतर कंपनी. पगार वाढवा म्हणून ठेकेदाराकडे जा, तो म्हणतो, 'टेंडरमध्ये एवढेच मंजूर आहेत, वर विचार.' वर जा, साहेब म्हणतो, 'तुम्ही आमचे कामगारच नाही.' म्हणजे कचरा त्यांचा आणि वास आपला. आणि एखाद्या दिवशी गाडी उचलली नाही की तोच साहेब मेस्मा काढतो, म्हणतो ही अत्यावश्यक सेवा आहे. पगाराच्या दिवशी आपण त्याचे कुणी नाही आणि संपाच्या दिवशी एकदम अत्यावश्यक.

कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० चा. कंत्राटी पद्धतीचं नियमन आणि निर्मूलन, असं त्याचं नाव. निर्मूलन! कायदा वीस आणि वीसपेक्षा जास्त माणसांना लागू. मग ठेकेदाराने काय केलं? अठरा माणसांची एक टोळी, अठरांची दुसरी, अठरांची तिसरी, आणि कागदावर प्रत्येक टोळीचा ठेकेदार वेगळा. कुठे कुठे तर त्याच्याही पुढची अक्कल लढवली. झाडू मारणाऱ्याला कामगार म्हणायचंच नाही, 'स्वयंसेवक' म्हणायचं, आणि पगाराला मानधन. दोस्तांनो, हजारो वर्षं आपण स्वयंसेवकच होतो! गावाची मेलेली गुरं ओढायची आणि बलुत्याच्या नावाने शिळा तुकडा घ्यायचा. त्या येसकरकीला नवा छापील फॉर्म मिळाला, एवढाच फरक.

आता बी.ए.वाल्या मित्राकडे येतो. युनियनवाल्यांनी आपल्याला काय दिलं? तुझा राग खरा आहे. तो मी खाली पडू देणार नाही.

मुंबईच्या गिरण्यांत विणकामाच्या खात्यात आपल्या माणसाला घेत नव्हते. पगार त्या खात्यात जास्त. आपला माणूस रिंगवर, सुताच्या खात्यात, जिथे पगार कमी आणि धूळ जास्त. का? तर धोट्यातली कांडी संपली की नवी घालताना सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागायचं. महाराच्या तोंडचा धागा मराठ्याच्या तोंडात कसा जाणार? कामगारच कामगाराला शेजारी उभा राहू देत नव्हता. मालकाला ते सोयीचंच होतं. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना स्पष्ट सांगितलं, तुमच्या मागण्यांत ही मागणी घाला. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनी ती घातली, पण कुरकुरत घातली. पुढच्या वर्षीच्या, १९२९ च्या संपाला तर बाबासाहेबांनी विरोधच केला.

हे कुणी लपवू नये. वर्ग वर्ग म्हणून गळा काढणाऱ्यांना आपण हे तोंडावर विचारलं पाहिजे. तुमच्या क्रांतीत सुताचं टोक कुणाच्या तोंडात होतं?

पण थांब. गोष्ट इथे संपत नाही आणि तू नेहमी इथेच थांबतोस.

याच बाबासाहेबांनी १९३५ ला मुंबईत म्युनिसिपल कामगारांचा संघ उभा केला. १९३६ ला पक्ष काढला, त्याचं नाव काय ठेवलं? स्वतंत्र मजूर पक्ष. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथे त्यांनी दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. दोन. आपल्यातले निम्मे पहिला शत्रू पाठ करून बसले आणि लाल बावटेवाले दुसरा. पूर्ण वाक्य कुणीच म्हणत नाही.

आणि त्याच वर्षी मुंबई इलाख्यातल्या काँग्रेस सरकारने, खेरांच्या मंत्रिमंडळाने, औद्योगिक कलहाचं बिल आणलं. बिलात मेख काय होती? संपावर जायच्या आधी समेटाची सक्ती. समेटाची लांबण संपेपर्यंत संप केला तर तो बेकायदा, आणि बेकायदा संप करणारा गुन्हेगार. बाबासाहेब असेंब्लीत उभे राहिले आणि त्यांनी मुद्दा मुळापासून काढला. नोकरीचा करार मोडला तर ती फार तर दिवाणी बाब आहे, नुकसानभरपाई मागा. तिला फौजदारी गुन्हा कसं करता? काम नाकारलं म्हणून माणसाला तुरुंगात घालणार असाल तर त्याला गुलाम म्हणा. संपाचा हक्क आणि स्वातंत्र्य या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या मानल्या नाहीत.

हे त्यांनाच का दिसलं? कारण आपल्या माणसावर हे कलम आधीपासूनच लागू होतं. त्या काळच्या नगरपालिकांच्या कायद्यांत सफाई कामगाराने सूचना न देता काम सोडलं तर कैदेची शिक्षा होती. कारकून नोकरी सोडून गेला तर दुसरा कारकून बघत. भंगी काम सोडून गेला तर पोलिस बघत. म्हणजे बाकीच्या कामगारांवर १९३८ ला जे येऊ घातलं होतं ते आपण आधीच भोगत होतो. म्हणून मी म्हणतो, संपाचा हक्क हा मुळात आपला विषय आहे. गिरणीवाल्यांनी तो नंतर घेतला.

७ नोव्हेंबर १९३८ ला एक दिवसाचा संप झाला. निळा आणि लाल त्या दिवशी एका मैदानात होते. आंबेडकर, डांगे, परुळेकर, निमकर, जमनादास मेहता. गोळीबारही झाला. पण बिल पास झालंच. आणि ते मेलं नाही, पोरं घालत गेलं.

त्याचं मोठं पोरगं म्हणजे १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, बी.आय.आर. ज्यांच्या घरात गिरणी होती त्यांनी हे तीन शब्द लहानपणी शिवीसारखे ऐकले असतील. या कायद्याने काय केलं? एका धंद्यात, एका भागात, एकच प्रातिनिधिक युनियन. चौथा हिस्सा सभासद दाखवले की ती मान्य. गुप्त मतदान नाही, मतदानच नाही. पावत्या दाखवायच्या. एकदा शिक्का बसला की मालकाने बोलायचं ते तिच्याशीच. उरलेले तीन हिस्से कामगार ओरडले काय नि मेले काय. गिरण्यांत ती जागा राष्ट्रीय मिल मजदूर संघाची. कामगार एका पुढाऱ्यामागे आणि सही करणारा दुसराच, हा चमत्कार कायद्याने केला.

१८ जानेवारी १९८२. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले. लोकांना वाटतं संप पगारवाढीचा होता. होता. पण बी.आय.आर. रद्द करा ही मागणी त्यातच होती, आणि सरकार सगळ्यात जास्त घाबरलं ते तिला. पगार वाढवला तर पैसे जातात. मान्यता दिली तर कोण कुणाशी बोलणार हे कामगार ठरवतो. ते त्यांना परवडत नाही. संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. तसाच विरत गेला. लाखाहून अधिक माणसं परत आत गेलीच नाहीत. त्यांच्या पोरांना आज त्याच जमिनीवरच्या मॉलमध्ये ठेकेदारामार्फत फरशी पुसायला ठेवतात. आजोबा साच्यावर, नातू मोपवर. मोपवाल्या नातवाला प्रातिनिधिक युनियनसुद्धा नाही. एवढी प्रगती झाली!

मधे एक गोष्ट राहिली. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४३ ला त्यांनी केंद्रीय विधिमंडळात ट्रेड युनियन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल मांडलं. १९२६ चा कायदा काय सांगत होता? सात माणसं या, अर्ज करा, युनियनची नोंदणी करून देतो. नोंदणी होते, पण मालकाने तुमच्याशी बोललंच पाहिजे असं कुठे आहे? कुठेच नाही. म्हणजे रेशनकार्ड आहे पण दुकान बंद. बाबासाहेबांचं बिल हे बंद दुकान उघडणारं होतं, लायक युनियनला मालकाने मान्यता दिलीच पाहिजे असं. पुढे १९४७ ला तशी दुरुस्ती पासही झाली. पास झाली आणि अंमलात आणायची अधिसूचना कधी निघालीच नाही. छापील कायदा कपाटात पडून राहिला. महाराष्ट्राने १९७१ ला वेगळा कायदा करून तीस टक्क्यांच्या युनियनला मान्यतेची वाट दिली, ती अंमलात यायला आणखी काही वर्षं. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार आहेत, एक संघटनेच्या हक्काचा, एक सामुदायिक सौद्याचा. १९४८ आणि १९४९ चे. भारताने दोन्हींवर आजपर्यंत मान्यतेची मोहोर उठवलेली नाही. जगभर लोकशाहीची आई म्हणून मिरवायचं आणि आईच्या घरात मोलकरणीने तोंड उघडायचं नाही.

आता ताजं. २०२० च्या सप्टेंबरात, लोक तोंडाला फडकं बांधून घरात कोंडलेले असताना, विरोधी बाकं रिकामी असताना, संसदेने तीन संहिता पास केल्या. वेतनाची एक २०१९ लाच झाली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही लागू झाल्या. एकोणतीस कायदे आत ढकलले आणि चार बाहेर काढले. त्यांची जाहिरात तुम्ही पाहिली असेल, हसणारा कामगार, डोक्यावर पिवळी टोपी.

सगळंच वाईट आहे असं मी म्हणणार नाही, कारण खोटं बोलून लढाई होत नाही. प्रत्येकाला नेमणूकपत्र द्या असं लिहिलंय, ते चांगलं आहे. ते मागून घ्या. पेटीवाल्या पोरांचं, गिग कामगारांचं नाव पहिल्यांदा कायद्यात आलं, सामाजिक सुरक्षेच्या संहितेत. पण बघा, नाव कसं आलं? मालक-नोकर या नात्याच्या बाहेरचा माणूस म्हणून आलं. एखादी योजना, एखादा निधी मिळेल. सौदा मिळणार नाही. दान मिळेल, पण हक्काने बसायला पाट मिळणार नाही. आपल्याला ही पंगत ओळखीची आहे.

औद्योगिक संबंधांच्या संहितेतली तीन कलमं तुम्हाला नीट समजली पाहिजेत. बाकी विसरलात तरी चालेल.

पहिलं, संप. जुन्या कायद्यात संपाआधी नोटीस द्यायची सक्ती सार्वजनिक उपयोगाच्या सेवांना होती. आता सगळ्या औद्योगिक आस्थापनांना, चौदा दिवस. कुणी म्हणेल, चौदा दिवस काय जास्त आहेत? थांबा. नोटीस मिळाली की समेट अधिकारी बैठक बोलावतो. पहिली बैठक झाली की समेट सुरू झाला असं धरायचं. समेट चालू असताना संप बेकायदा आणि संपल्यावर सात दिवस बेकायदा. समेट फिसकटला की कोणताही पक्ष, म्हणजे मालकसुद्धा, न्यायाधिकरणात अर्ज टाकू शकतो. तिथे खटला चालू असताना संप बेकायदा, संपल्यावर साठ दिवस बेकायदा. मग कायदेशीर संप करायचा कधी? पंचांगात मुहूर्त सापडेल, पण या संहितेत नाही. म्हणून सगळ्यांनी मिळून एका दिवशी किरकोळ रजा टाकावी म्हटलं, तर तेही हेरून ठेवलंय. निम्मे किंवा जास्त कामगार एकाच दिवशी रजेवर गेले की तो संप. आणि बेकायदा संपाला हजार ते दहा हजार दंड, किंवा महिन्याची कैद, किंवा दोन्ही. चिथावणाऱ्याला दंड दहा हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत, आणि कैद तीच. मी इथे उभा राहून बोलतोय त्याला उद्या चिथावणी म्हणता येईल. १९३८ चं बिल आठवा. समेटाची सक्ती, मग बेकायदा, मग तुरुंग. ऐंशीपेक्षा जास्त वर्षं झाली, फक्त कागद बदलला.

दुसरं, मान्यता. एकापेक्षा जास्त युनियन असतील तर मस्टरवरच्या एक्कावन्न टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी वाटाघाट करणार. तसं कुणी नसेल तर वीस टक्क्यांमागे एक प्रतिनिधी घेऊन परिषद. ऐकायला बरं वाटतं. बी.आय.आर.च्या चौथ्या हिश्श्यापेक्षा लोकशाही वाटते. बऱ्याच युनियनवाल्यांचं भांडण एक्कावन्न आकड्याशी आहे, जास्त आहे म्हणून. माझं भांडण आकड्याआधीच्या शब्दाशी आहे. मस्टर. ते कुणाचं मस्टर?

एखाद्या कारखान्यात, एखाद्या महापालिकेच्या वॉर्डात, मस्टरवर शंभर माणसं आणि ठेक्यावर चारशे. शंभरातले एक्कावन्न ठरवणार काय बोलायचं ते. चारशे मोजलेच जाणार नाहीत. आणि हे चारशे कोण? ते मला सांगायला लावू नका, खाली बघा, शेजारी बघा. विणकामाच्या खात्याचं दार आता असं बंद होतं. तेव्हा निदान तोंडाचा विटाळ आहे असं उघड सांगत. आता मस्टर दाखवतात.

तिसरं कलम दुसऱ्या संहितेतलं आहे, सुरक्षा आणि आरोग्याच्या. ते मी प्रथम वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बाहेर जाऊन विडी ओढून आलो. त्यात म्हटलंय, आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार नेमायला मनाई. वा! काही अपवाद आहेत, पण नियम म्हणून मनाई. मग मुख्य काम म्हणजे काय त्याची व्याख्या. आणि व्याख्येत, आस्थापना त्याच कामासाठी उभारलेली नसेल तर कोणती कामं मुख्य धरायची नाहीत, त्याची यादी. त्या यादीत सगळ्यात पहिला नंबर कशाला असेल? सफाई. झाडणं, पुसणं, सगळ्या प्रकारचा कचरा गोळा करणं आणि त्याची विल्हेवाट. मग पहारा. मग कँटीन. मग माल चढवणं-उतरवणं. पुढे बागकाम, धुलाई. चातुर्वर्ण्याच्या बाहेर कोण हे सांगायला आता मनुस्मृती उघडायची गरज नाही, केंद्र सरकारचं राजपत्र पुरेसं आहे. जात हा शब्द त्यात एकदाही येत नाही. न लिहिता लिहिलीय.

कायदा लागू व्हायची मर्यादाही वीसवरून पन्नास केली. आता टोळी अठराची नको, एकोणपन्नासची चालेल. आणि कारखाना बंद करायला, माणसं कमी करायला सरकारची परवानगी लागायची ती शंभर कामगारांपासून. आता तीनशेपासून. १९७६ ला तीनशेच होती, १९८२ च्या दुरुस्तीने शंभर झाली, परत तीनशे. हे पुढे-मागे चालू राहतं, कोण किती जोर लावतो त्यावर.

पण या यादीत एक फट आहे. 'आस्थापना त्याच कामासाठी उभारलेली नसेल तर', हे शब्द पुन्हा वाचा. बँकेसाठी झाडू मारणं मुख्य काम नसेल. पण महापालिका कशासाठी असते? शहर साफ ठेवणं हे तिचं कायद्याने बांधलेलं कर्तव्य आहे. तिथे सफाई हे मुख्य काम नाही असं म्हणायला साहेबाला फार मोठी जीभ लागेल. भांडायचं तर इथे भांडता येतं. वकील मित्रांनी यावर डोकं घालावं. कवितेच्या ओळी नंतर लिहा.

कोर्टाचं म्हणाल तर मी कोर्टाचा भक्त नाही. २००१ मध्ये स्टील अॅथॉरिटीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, कंत्राट पद्धत बंद झाली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाही. २००३ मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात सांगितलं, सरकारी नोकरांना संपाचा मूलभूत हक्क नाही. पण २०१७ च्या एप्रिलमध्ये मुंबई महापालिकेच्या २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करा, हेही त्याच न्यायालयाने सांगितलं. कचरा वाहतूक श्रमिक संघाने ती केस वर्षानुवर्षं ओढली. ती माणसं बहुतेक आपलीच होती आणि त्यांनी युनियन केली होती. बी.ए.वाल्या मित्रा, हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. युनियनवाल्यांनी आपल्याला काय दिलं ते सोड. आपण युनियन केली तेव्हा काय झालं ते बघ.

आता घरातलं बोलतो, कारण बाहेरच्यांना शिव्या देणं सोपं आहे. माझ्या ओळखीच्या एका चौकीवर ठेकेदार आपलाच आहे. गळ्यात निळा पट्टा, चौदा एप्रिलला सगळ्यात मोठा डी.जे. त्याचा. बायांना किमान वेतनाच्या कागदावर सह्या घेतो आणि हातात निम्मे टेकवतो. एटीएम कार्डं त्याच्याच खिशात. एका बाईने तोंड उघडलं तर म्हणाला, 'समाजाची बदनामी करू नका.' आणि ती गप्प बसली. पोलिसाला ती घाबरली नसती. ही जयभीमची किंमत त्याने लावली. आपण त्याच्याकडून वर्गणी घेतो की नाही? घेतो. मागच्या वर्षी मीही पावती फाडली. मग त्याच्याशी सामुदायिक सौदा कोण करणार?

आणि जे आपले मस्टरवर आहेत, कायम झालेले, क्वार्टर मिळालेले, ते ठेक्यावरच्या पोराला 'कंत्राटी' म्हणून हाक मारतात. नाव नाही, कंत्राटी. शिवी बदलली. आपल्याच अधिकारी-कर्मचाऱ्यांच्या संघटना राखीव बढतीसाठी जीव टाकतात, टाकावाच. पण गटारात गुदमरून मेलेल्याच्या घरी त्यांच्यातले किती जातात? २०१३ चा कायदा आहे, हाताने मैला काढायला बंदी. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची भरपाई दहा लाख ठरवली, २०२३ ला तीस लाख केली. भरपाई मागताना पहिला प्रश्न येतो, हा तुमचा कामगार होता याचा पुरावा काय? आणि मेलेला माणूस मस्टरवर नसतो.

म्हणून आपली मागणी काय असावी? माझ्या मते अशी. आस्थापनेत राबणारा प्रत्येक जण मोजा, ठेक्यावरचा, रोजंदारीवरचा, मुदतीवरचा. मोजणी गुप्त मतदानाने. आणि मतदानात जो जिंकेल त्याच्याशी मूळ मालकाने बसायचं, ठेकेदार पुढे करायचा नाही. सफाईचं नाव त्या यादीतून काढा. समेटाचा सापळा मोडा, समेटाला दिवसांची मर्यादा घाला आणि मालकाच्या अर्जाने संप बेकायदा होणार नाही असं लिहा. घरकाम करणाऱ्या बायांना या संहितेने उद्योगाच्या व्याख्येतूनच वगळलंय, त्यांना आत घ्या. हमालांसाठी हे महाराष्ट्रात घडलेलं आहे. १९६९ चा माथाडी कायदा बघा. मालक पन्नास, दुकानं शंभर, कामगार आज इथे उद्या तिथे, तरी बोर्ड झालं, मजुरी बोर्डातून, भविष्य निर्वाह निधी बोर्डातून. अण्णासाहेब पाटलांच्या हमालांनी ते मिळवलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की तुमचा मालकच सापडत नाही म्हणून युनियन होत नाही.

मोठ्या युनियनांबरोबर जायचं का, हा वाद आपल्यात आहे. मी म्हणतो जायचं, पण १९२८ सारखं जायचं. मागणी आधी लिहून घ्यायची. तुमच्या मागणीपत्रात आमचे चारशे मोजा, मग आमचे चारशे तुमच्या मोर्चात. नाहीतर तुमचा मोर्चा तुम्हाला लखलाभ. यावर काही मित्र नाराज होतील. १९७४ ला आपल्या पँथरमध्येही बुद्ध की मार्क्स यावर भांडण होऊन फूट पडली होती. तेव्हा झाडूवाल्याला कुणी विचारलं नव्हतं, तुला पगाराची पावती मिळते का.

आता सोमवारचं. मघाशी २७०० लोकांचा निकाल सांगितला. निकाल लागूनही त्यातल्या अनेकांचं काम वर्षानुवर्षं अडलं, का? नावाच्या स्पेलिंगमुळे. यादीत एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. बाप निरक्षर, मुकादमाने ऐकलं तसं लिहिलं. जिंकलेली केस एका वेलांटीत अडकली. तेव्हा बी.ए. झालेले, बारावी झालेले, ज्यांना फॉर्म भरता येतो ते सगळे सोमवारी पहाटे साडेपाचला चौकीवर या. हजेरी लागायच्या आधी. प्रत्येकाचं नाव आधारवर जसं आहे तसं अक्षर न अक्षर वहीत उतरवायचं, बापाचं नाव, ठेकेदाराचं नाव, कामाला लागल्याची तारीख, पी.एफ. नंबर असेल तर तो. ओळखपत्राचा, हजेरीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. बाया सही करत नसतील तर अंगठा घ्या, पण अंगठ्याखाली नाव लिहा. वह्या मी आणतो. पेन आपापलं आणा.